बालकामगारांची सुटका: धाडीनंतर प्रकरण कुठे अडतं?

या कामातल्या जाणकारांनी लिहावं. कायदा पुष्कळांना ठाऊक आहे. प्रकरण फसतं कुठे, ते हवं आहे.

कामगार खात्यातून
1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं दखलपात्र गुन्हा आहे: सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तरी मालक सुटतात. 'भाचा आहे, मदतीला आलाय' हे उत्तर ठरलेलं. घरच्या धंद्यात मदतीची मुभा आहे आणि कुटुंबाच्या व्याख्येत मामा-मावशी, काका-आत्याही येतात. इतकी सैल व्याख्या करायलाच नको होती. पण ही मुभा शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, तीही धोक्याचं काम नसेल तरच. म्हणून नात्याचा पुरावा मागा आणि शाळेतून हजेरी काढा. पंचनाम्यात 'मूल आढळले' एवढ्यावर थांबू नका. धाड पडली तेव्हा त्याच्या हातात काय होतं, किती वाजले होते, तेही लिहा. मालकाच्या हजेरीपटावर मुलाचं नाव नसतंच. गल्ल्यातली उचलीची, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांची वही जप्त करा.

बाल कल्याण समितीचं काम पाहिलेल्यांकडून
सुटका झालेल्या मुलाला 24 तासांत समितीपुढे आणायचं; त्याला कुठे ठेवायचं ते तीच ठरवते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. घाईने हाडांची तपासणी करू नका. त्यातून अंदाज निघतो, जन्मतारीख नाही, आणि बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. आधार कार्ड या यादीत नाही.

वरच्या उचलीच्या वहीबद्दल
आईबापांनी उचल घेतली असेल तर प्रकरण वेठबिगारीचंही होतं, 1976 च्या कायद्याखाली. रक्कम मुलाच्या आणि पालकांच्या जबाबात आलीच पाहिजे. ती राहून गेली की वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, म्हणजे मुक्ततेचा दाखला अडतो आणि पुनर्वसनाची मदतही.

शाळेच्या बाजूने
दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि विशेष प्रशिक्षण किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. बारा वर्षांच्या पोराला पहिलीच्या बाकावर बसवलं, गुडघे बाकाखाली मावेनात, की ते आठवड्यात पळतं. सलग 30 दिवस न कळवता गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बालकामगार कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचं, असा नियम आहे. तेवढे दिवस कशाला थांबायचं? तिसऱ्या दिवशी घरी जा.