गोवा नेमकं किती लांब?

ए-१०२ काकू: सोलापूर ते गोवा विमानानं किती अंतर आहे ओ? एका साइटवर १६४ दाखवतंय, दुसरीवर ३३५. आमचा पोरगा म्हणतोय ३०४. वास्कोला धाकट्या दिरांकडं बारसं आहे, तिकीट काढून बसलेय.

सी-२०१ पिंट्या: काकू, १६४ म्हणजे नॉटिकल मैल. हा विमान-जहाजांचा मैल, एक १.८५२ किमीचा. गुणलं की ३०४ येतंय, पोरगा बरोबर आहे.

ए-१०२ काकू: मग ३३५ कुठनं आलं रे?

बी-३०४ अण्णा: गोव्यात विमानतळ दोन आहेत अक्का. दाबोळी जुना, मोपा २०२३ पासनं चालू झालेला. ३३५ हे दाबोळीचं. आपलं विमान मोपाला जातं, ९ जून २०२५ ला पहिलं गेलं तेही तिकडंच. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी.

सी-२०१ पिंट्या: पण ३०४ किमीला तासाच्या वर कसा लागतो? एटीआर, म्हणजे ते पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० नं जातं म्हणतात. भागून बघा, ३७ मिनिटं पण होत नाहीत.

बी-३०४ अण्णा: रेल्वेत गार्ड होतो मी, असल्या भागाकारानं गाडी कधी पोचलेली बघितली नाही 😄 तिकिटावरचा वेळ विमान जागचं हलल्यापासनं तिकडं जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत हळूहळू जायचं, चढताना वेग कमी, दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या (ताशी २५० नॉटिकल मैल) आतच. उतरताना वाऱ्याच्या तोंडावर यायला वळसा. तुझे ते ५०० मधल्या पट्ट्यातच मिळतात. पावसाळ्यात तर वारं पश्चिमेचं, जाताना समोरनं आणि येताना पाठीवर. वर उशीर झाला तर भरून काढायला टाइमटेबलात थोडी मिनिटं जास्तीची. रेल्वेत पण शेवटच्या स्टेशनाआधी ठेवतोच की आम्ही.

डी-४०१ वहिनी: मुंबईचं पण तसंच. हवेतनं ३६० च्या आसपास, रेल्वेनं ४५५. इथनं होटगी रोडच्या विमानतळाला रिक्षानं दहा मिनिटं, पण तिकडं उतरून दादर गाठेपर्यंत जीव जातो. मी आपली रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनंच जाते. झोपेतला वेळ मी मोजतच नाही.

सी-२०१ पिंट्या: विमान आलं हेच लै झालं. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली जून २०२३ ला, विमान उडालं जून २०२५ ला. तेवढ्यात बैलगाडी पण गोव्याला जाऊन आली असती.

सेक्रेटरी: चिमणीचा विषय नको. मागच्या वेळी तिघं ग्रुप सोडून गेलेत. आणि हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. (दाबोळी-मोपाचं मलापण माहीत नव्हतं.)

ए-१०२ काकू: अण्णा, वास्को कुठल्याला जवळ पडतंय?

बी-३०४ अण्णा: दाबोळीला चिकटून आहे. मोपा पार उत्तरेला, पेडणे तालुक्यात. तिथनं निघालं की आधी शापोरा नदी ओलांडा, मग मांडवी, मग झुआरी, तेव्हा वास्को. हवेत जेवढा वेळ जाईल, त्याहून जास्त गाडीत धरा.

ए-१०२ काकू: अगं बाई. तिकिटावर जीओएक्सच आहे.

सी-२०१ पिंट्या: मग काय झालं? टॅक्सी मिळते की.

ए-१०२ काकू: भावजींना दाबोळीला गाडी घेऊन या म्हणून सांगून ठेवलंय. शेंगाचटणीचा डबा पाच किलोचा आहे. थांबा, आधी त्यांना फोन करते.