जुनी पिकअप वार्षिक तपासणीत अडकते ती नेमकी कशामुळे?

ओझेवाहू (प्रश्न)

एक १६ वर्षे जुनी डिझेल पिकअप विकत घेण्याचा विचार आहे. इंजिन थंड असतानाही सहज चालू होते, गिअर विनातक्रार पडतात आणि वापराच्या मानाने केबिनही नीटनेटकी आहे. मालकाने मागील काही वर्षांचे योग्यता तपासणीचे अहवाल दाखवले, हे मला विशेष वाटले. गाडी दरवर्षी शेवटी उत्तीर्ण झालेली आहे, परंतु काही वेळा आधी नापास होऊन दुरुस्तीनंतर दुसऱ्या फेरीत. ‘मागील चाकांच्या ब्रेकमध्ये तफावत’, ‘चासीवर वरवरचा गंज’ आणि ‘पाट्यांचे बुश झिजलेले’ हे तीन शेरे निरनिराळ्या वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले दिसतात.

हे शेरे या वयाच्या पिकअपला साहजिक मानावेत, की गाडी आता दरवर्षी खर्चातच पाडणार याची ती चिन्हे आहेत? इंजिन इतके चांगले असताना केवळ तपासणीच्या धास्तीने व्यवहार सोडून द्यावा, हे मनाला पटत नाही.

कमानपाटा

इंजिन चांगले आहे ही आनंदाची गोष्ट असली, तरी वार्षिक तपासणीत इंजिनाकडे धूर आणि तेलगळती यांपलीकडे फारसे कोणी पाहत नाही. क्लच, गिअरबॉक्स, कॉम्प्रेशन यांतले काहीही तेथे उघडले जात नाही. तपासणी होते ती थांबण्याच्या, वळण्याच्या, दिसण्याच्या आणि सांगाडा एकसंध राहण्याच्या क्षमतेची, आणि जुनी पिकअप नेमकी याच बाबतींत कारपेक्षा वेगळी वागते. याचे मूळ तिच्या बांधणीत आहे. मागचा आस आणि पाटे (भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ओझ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात, पण तपासणी बहुधा रिकाम्या हौद्याने होते. रिकाम्या पिकअपच्या मागील चाकांवर इतका कमी भार असतो, की ब्रेक तपासणाऱ्या यंत्राच्या रोलरवर ब्रेक लावताच ती चाके लवकर अडतात किंवा घसरतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंतला किरकोळ फरकही आकड्यांत ठळक होऊन उमटतो.

म्हणून ‘तफावत’ हा शेरा एखाद्या वर्षी आला असता, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. तो पुन्हा पुन्हा येतो आहे, याचा अर्थ प्रत्येक वेळी लायनर (ड्रमच्या आत घासून चाक थांबवणारे अस्तर) घासून किंवा बदलून काम भागवले गेले आणि कारण जागच्या जागी राहिले. ड्रम ब्रेकमध्ये अशी कारणे मोजकीच असतात. आसाच्या टोकाचे ऑइल सील गळून डिफरन्शियलचे तेल एका बाजूच्या लायनरवर येते, किंवा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) पाझरतो, किंवा आपोआप जुळणारी ॲडजस्टरची यंत्रणा गंजून थिजते आणि त्या बाजूचे लायनर व ड्रम यांतील अंतर वाढत जाते. हातब्रेकच्या दोन केबलींपैकी एक आवरणात अडकली असेल, तरी हातब्रेकच्या चाचणीत तफावत दिसते आणि केबल मोकळी न सुटल्यास ते चाक सतत घासत राहते. दोन्ही ड्रम काढून आत पाहिल्याखेरीज व्यवहार करू नका. ड्रम काढू न देणारा मालक काय लपवतो आहे, हे तुम्हीच ठरवा.

बुशचा शेरा मात्र मी मनावर घेणार नाही. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, म्हणजे सांध्यातील अस्तरे, झिजण्यासाठीच असतात आणि ते बदलणे फार अवघड नसते, फक्त जुने बोल्ट गंजून धरलेले असले तर मेकॅनिकचा वेळ जातो. त्यापेक्षा पुढच्या बाजूचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके, म्हणजे चाके वळतात ते सांधे, हलवून बघा, कारण तेथील ढिलेपणावर तपासनीस सवलत देत नाहीत.

गंजपारखी

वरील प्रतिसादातील ब्रेकविषयीचे विवेचन योग्य आहे, पण माझ्या मते तुमच्या तीन शेऱ्यांपैकी गंजाचाच शेरा निर्णायक आहे आणि त्यातला ‘वरवरचा’ हा शब्द फसवा आहे. कारचा सांगाडा आणि पत्रा एकच असतो. पिकअपची चासी शिडीसारखी वेगळी असते आणि तिच्यावर केबिन व हौदा बोल्टने बसवलेले असतात. चासीच्या पोकळ, पेटीसारख्या भागांत चिखल शिरतो, पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर खपली दिसू लागते तेव्हा आतील पत्रा बराच पातळ झालेला असू शकतो. टोयोटाच्या टाकोमा पिकअपचे उदाहरण सर्वज्ञात आहे. २००८ मध्ये कंपनीला अमेरिकेत १९९५ ते २००० सालच्या गाड्यांसाठी चासी गंजून छिद्रे पडण्याविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवावी लागली, आणि तीही इंजिनाच्या टिकाऊपणासाठी नावाजलेल्या गाडीबाबत.

गाडी लिफ्टवर घेऊन मागील आसाच्या वरची कमान, पाट्यांचे पुढचे-मागचे आधार आणि सुटे चाक टांगलेली जागा पाहा. छोट्या हातोडीने हलके ठोकत गेल्यास सशक्त लोखंड खणखणते आणि पोखरलेले बद्द वाजते. काही देशांच्या नियमांत पाटे किंवा स्टिअरिंग यांच्या जोडापासून ३० सेंटीमीटरच्या आतील गंज अधिक कडकपणे तपासला जातो, त्यामुळे जोडापासून दूर, तुळईवर असलेल्या छिद्रापेक्षा शॅकलजवळचे लहान छिद्र अधिक महागात पडते. नुकताच दिलेला जाड काळा लेप दिसला, तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागा. पॅच मारलेला असेल तर वेल्डिंग सलग आहे का, की केवळ टाके घालून वर पुट्टी फासली आहे, हे तपासा. चासीला पॅच म्हणजे गाडी बाद, असे मी मानत नाही. चांगल्या कारागिराने केलेले काम वर्षानुवर्षे टिकते. तथापि एकाच तुळईवर पॅचच्या शेजारी पॅच दिसू लागले, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी मी ती गाडी घेणार नाही.

धूरवेध

दोन लहान मुद्दे जोडतो. धुराच्या चाचणीला गाडी पूर्ण तापवूनच न्यावी. डिझेल इंजिन कायम जवळच्या फेऱ्यांसाठी वापरले असेल तर धुराच्या नळीत काजळी साचते आणि ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबताच ती एकदम बाहेर पडून आकडा बिघडवते. त्या चाचणीत इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत नेले जाते, आणि जुना टायमिंग बेल्ट तेव्हा तुटू शकतो, म्हणून तो असल्यास कधी बदलला हेही विचारून ठेवा.

दुसरा मुद्दा दिव्यांचा. इंडिकेटर लावल्यावर शेजारचा ब्रेक लाइट मंद लुकलुकत असेल तर बल्ब बदलत बसू नका. हौद्याचा अर्थिंग जोड (दिव्यांची वीज चासीतून परत जाते तो सांधा) बहुधा गंजलेला असतो. टायर घेताना खाचांची खोली (सर्वसाधारण किमान १.६ मिलिमीटर) सगळेच बघतात, पण भारक्षमतेचा अंक कोणी वाचत नाही. कारचे टायर बसवलेल्या पिकअपला त्याच कारणावरून परत पाठवले जाऊ शकते.

ओझेवाहू

सर्वांचे आभार. आपल्या सूचनांप्रमाणे गाडी लिफ्टवर घेऊन पाहिली. चासी ठोकून पाहता सगळीकडे खणखणीत वाजली आणि खपल्या फक्त मागच्या आडव्या पट्टीवर आहेत. डाव्या ड्रममध्ये तेलाचा ओलावा होता. एक गोष्ट मात्र नवीन कळली: मालकाने जास्त माल वाहता यावा म्हणून मागे दोन्हीकडे एकेक जादा पाटा घातला आहे. याने तपासणीत अडचण येईल का?

कमानपाटा

तेलाचे कारण सापडले हे उत्तम झाले. सील आणि त्या आसाचे दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला, एका बाजूचे बदलल्यास तफावत तशीच राहील.

जादा पाट्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागील आस यांच्यामध्ये एक दांडी असते व तिला ब्रेकच्या दाबाचा व्हॉल्व्ह जोडलेला असतो. ओझ्याने हौदा खाली बसला की दांडी हलते आणि मागील ब्रेकला अधिक दाब मिळतो. हौदा रिकामा असला की दाब रोखला जातो, म्हणजे चाके अकाली अडून गाडी घसरत नाही. जादा पाट्यामुळे हौदा ओझ्यासकट वरच राहतो, आणि व्हॉल्व्ह ती गाडी रिकामीच समजतो. परिणामी भरलेल्या गाडीचे मागील ब्रेक दुबळे पडतात आणि गाडी थांबवण्याचा बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर येतो. रिकाम्या गाडीच्या तपासणीत हे कदाचित पकडले जाणार नाही. त्या दांडीचा सांधा या वयात बहुधा गंजून जॅम झालेला असतो, तो मोकळा हलतो का ते आधी पाहा. मग एक तर जादा पाटे काढून टाका, नाहीतर गाडीच्या सेवा-पुस्तिकेत दिलेल्या मापाने दांडी पुन्हा जुळवून दाब गेजवर मोजून घ्या. हे काम आणि सील यांचा खर्च मालकाला किमतीतून वजा करायला सांगणे रास्त ठरेल.