आल्फ्रेड एशर यांचे मोठेपण मान्य करायचे, तर किती?

धागा: झुरिचच्या रेल्वे स्थानकासमोर १८८९ पासून स्वित्झर्लंडचे राजकारणी आणि रेल्वे उद्योजक आल्फ्रेड एशर (१८१९–१८८२) यांचा पुतळा आहे आणि तो तिथेच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळात ते कधीही नव्हते. मात्र १८४८ पासून अखेरपर्यंत राष्ट्रीय परिषदेत, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, राहून त्यांनी नव्या संघराज्याला रेल्वे, १८५५ मध्ये सुरू झालेली झुरिचची तंत्रशिक्षण संस्था आणि रेल्वेसाठी देशातच भांडवल उभे राहावे म्हणून १८५६ मध्ये काढलेली बँक, म्हणजेच पुढची क्रेडिट स्वीस, मिळवून दिली.

प्रतिसाद: आक्षेप नेमका इथेच आहे. रेल्वे सरकारने बांधावी की खाजगी कंपन्यांनी, हा प्रश्न १८५२ मध्ये संसदेपुढे आला, तेव्हा एशर कंपन्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी नॉर्डओस्टबान या रेल्वे कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली. कायदा करणारा, रेल्वे चालवणारा आणि तिला पैसा पुरवणारा माणूस एकच असेल, तर जाब कोणी कोणाला विचारायचा? झुरिचच्या जनतेने १८६९ मध्ये नवी घटना स्वीकारून कायदे थेट मतदानाने ठरवण्याचा हक्क मिळवला, तो या एकहाती कारभाराला कंटाळूनच. १८९८ मध्ये तर देशाने रेल्वे सरकारी करण्याचाच कौल दिला.

धागालेखक: सत्ता एकवटली होती, हे मान्य. पण त्याची किंमतही त्यांनी मोजली. आल्प्स पर्वतातून जाणाऱ्या गॉटहार्ड रेल्वेमार्गाचा खर्च अंदाजाबाहेर गेल्यावर १८७८ मध्ये त्यांना गॉटहार्ड रेल्वे कंपनीचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि १८८० मध्ये १५ किलोमीटरच्या बोगद्याची दोन्ही टोके जुळली, त्या सोहळ्याचे साधे निमंत्रणही त्यांना नव्हते. त्या वेळी खडकातल्या छिद्रातून सर्वांत आधी पलीकडे गेली ती एक डबी, आणि तिच्यात आदल्या वर्षी बोगद्यातच कोसळून मरण पावलेले कंत्राटदार लुई फाव्र यांचे छायाचित्र होते. हा प्रसंग वाचताना मला दरवेळी एशर यांचीही अनुपस्थिती जाणवते.

प्रतिसाद: मला त्याच बोगद्यातले मजूर आठवतात. धूर आणि कोंदट हवेला वैतागून १८७५ मध्ये बोगद्याच्या उत्तर टोकाला गोशेनन येथे प्रामुख्याने इटालियन असलेल्या कामगारांनी काम थांबवले, तेव्हा गोळीबारात चौघे ठार झाले; त्या वेळी कंपनीचे अध्यक्ष एशरच होते. बांधकामात एकूण सुमारे २०० माणसे गेली. त्यांच्यासाठी विन्चेन्झो वेला यांनी घडवलेले शिल्प दक्षिण टोकाच्या आयरोलो स्थानकाजवळ बसवले गेले, ते १९३२ मध्ये.