गिब रिव्हर रोडसाठी कॅम्पर ट्रेलर कोणता घ्यावा?

ग्रुप: किंबर्ली जुलै

सुमेध (मेलबर्न): काका, दादा, ताई, कॅम्पर ट्रेलरचं (गाडीमागे ओढायचा, उलगडला की तंबू होतो तो) या आठवड्यात ठरवायचंय. एक फॉरवर्ड-फोल्ड, म्हणजे पुढे उलगडणारा, पसंत पडलाय, वापरलेला, ४ वर्षांचा. टेअर (रिकाम्याचं वजन) १६८० किलो, एटीएम (भरलेल्याची मर्यादा) २०००, बॉलवर (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर) १९०. बाजूने बाहेर सरकणारं स्टीलचं किचन, १०० लिटरची पाण्याची टाकी, आत चौघांची झोपायची सोय. गाडी एमयू-एक्स, २०२२ ची, ३५०० किलो ओढते, म्हणजे वजनाचा प्रश्न नाही. मी, मृणाल, दोन मुलं आणि आई-बाबा असे आम्ही सहा जण. मेलबर्न, अॅडलेड, अॅलिस स्प्रिंग्ज, कॅथरीन, कुनुनुर्रा आणि तिथून गिबने, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंबर्लीतल्या बहुतांश कच्च्या रस्त्याने, डर्बी.

नंदूकाका (पर्थ): सुमेध, टोकन दिलं नसशील तर देऊ नकोस. ३५०० हा आकडा खरा आहे, पण तुझी अडचण तिथे नाहीच. दोन हिशेब कर, एक ट्रेलरचा आणि एक गाडीचा.

ट्रेलर: भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडवून काट्यावर ठेवला तर वजन किती चालेल, ते एटीएम. २००० वजा १६८०, उरले ३२०. यात पाणी १०० किलो. ४ किलोच्या दोन गॅसबाटल्या भरून १७. डिझेलचे दोन कॅन ४०. फ्रिज सामानासकट ४५. शिधा आणि भांडी ५०. सहा जणांचे कपडे-अंथरूण ४५. दुसरी स्टेपनी ३०. अॅनेक्स (ट्रेलरला जोडायचा कापडी मांडव), खांब, खुंट्या ३५. हत्यारं १५. बेरीज ३७७. घरातून निघतानाच ५७ किलो जास्त.

मृणाल: टेअरमध्ये किचन आणि टाकी धरलेली असते ना?

नंदूकाका (पर्थ): रिकामी टाकी धरलेली असते. पाणी, गॅस, नंतर बसवलेली बॅटरी, छत्री, रॅक हे सहसा नसतं. म्हणून जाहिरातीतला टेअर वाचायचा आणि सोडून द्यायचा. ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन खरं वजन घ्यायचं. विकणारा काट्यावर न्यायला तयार नसेल तर पुढे बोलूच नये.

आता गाडी. एमयू-एक्सचं जीव्हीएम, म्हणजे भरलेल्या गाडीची वजनमर्यादा, २८०० आणि रिकामं वजन साधारण २१७५. उरतात ६२५. सहा माणसं ३२५ धर. बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) ५५, टोबार (ट्रेलर जोडायचा दांडा) ३०, छतावरचा रॅक आणि ऑनिंग (कापडी छप्पर) ४०, रिकव्हरीचं (अडकलेली गाडी काढायचं) सामान आणि कॉम्प्रेसर ३५. झाले ४८५. बॉलवरचे १९० किलो ट्रेलरचे असले तरी ते गाडीच्याच पाठीवर बसतात, जीव्हीएममध्ये मोजले जातात. बेरीज ६७५. फ्रिज ट्रेलरमध्ये ठेवूनही ५० किलो जास्त.

जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा, ५९०० आहे, तिथे तू निवांत आहेस. गाडी अडते ती सहा माणसं आणि बॉलच्या वजनाने.

सुमेध (मेलबर्न): जीव्हीएम वाढवून घेता येतं असं ऐकलंय.

गिरीशदादा (ब्रिस्बेन): येतं. मागचे स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर बदलून प्रमाणपत्रासकट करून देतात. पण त्याने जीसीएम आपोआप वाढत नाही आणि खर्च बराच आहे. मी म्हणेन, ट्रेलर हलका घे. नुसती हवेची पिशवी मागच्या स्प्रिंगमध्ये घालून गाडी सरळ दिसायला लागते, पण जीव्हीएम एका किलोनेही वाढत नाही, आणि जास्त हवा भरली तर पन्हळी (आडव्या लाटा पडलेल्या) रस्त्यावर सगळा मार चासीवर एकाच जागी बसतो. डबल कॅब (मागे हौदा असलेल्या) गाड्यांच्या चासी वाकतात त्या तिथेच.

तुझ्या कामाचा म्हणजे हार्ड-फ्लोअर (टणक फरशीचा), मागे उलगडणारा. टेअर ११५०, एटीएम १६०० च्या आसपास, बॉलवर ११०. ट्रेलरमध्ये ४५० किलो जागा, तुझे ३७७ बसतात. गाडीत ४८५ अधिक ११०, म्हणजे ५९५. तरी काठावरच, ३० किलो हातात. छतावरचा रॅक काढलास तर बरं.

सुमेध (मेलबर्न): सॉफ्ट-फ्लोअर (कापडी जमिनीचा) आणखी हलका नाही का?

गिरीशदादा (ब्रिस्बेन): हलका आणि आत जागाही जास्त. पण जमीन साफ आणि सपाट लागते, रोज खुंट्या ठोकायच्या, आणि लाल फुफाट्यावर पसरलेली जमिनीची शीट सकाळी घडी करताना सगळी माती आत येते. एका जागी चार-पाच दिवस राहणाऱ्याला तो उत्तम. गिबवर रोज मुक्काम हलतो. हार्ड-फ्लोअरला झोपायची जागा १० मिनिटांत होते, अॅनेक्स फक्त दोन रात्री असतील तिथे लावायचा.

मृणाल: आई-बाबांचं काय? आईंचे गुडघे दुखतात.

नंदूकाका (पर्थ): मागे उलगडणाऱ्यात पलंग ट्रेलरच्या पेटीवर असतो, चढायला शिडी. रात्री दोनदा उतरायचं तर वहिनींना जमणार नाही. मुलं वर, आई-बाबा खाली हार्ड-फ्लोअरवर उंच स्ट्रेचरवर, तुम्ही दोघं अॅनेक्समध्ये, तो लावला नसेल तिथे छोट्या तंबूत. आणि त्यांना कुनुनुर्रापर्यंत विमानाने आणा, स्टुअर्ट हायवेचे दिवस त्यांना गाडीत बसवू नका. एल क्वेस्ट्रो आणि ड्राय्सडेल रिव्हर स्टेशन या मुक्कामाच्या जागी खोल्याही मिळतात, त्या आत्ताच धरा.

सुमेध (मेलबर्न): ठीक. मग या वजनात दोन बघितलेत. एकाला पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, दुसऱ्याला इंडिपेंडंट ट्रेलिंग आर्म (प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यावर), कॉइल आणि प्रत्येक चाकाला दोन शॉक. दुसराच घ्यायचा ना?

नंदूकाका (पर्थ): पाट्यांना नाव ठेवू नका. पाटा तुटला तर तारेने, लाकडाच्या ठोकळ्याने बांधून रोडहाउस गाठता येतं, आणि नवा पाटा कुठल्याही गावात मिळतो. ट्रेलिंग आर्मचा बुश (सांध्यातला रबर) गेला किंवा चासीवरची आर्म धरणारी पट्टी फाटली तर वेल्डर शोधत बसावं लागतं.

गिरीशदादा (ब्रिस्बेन): काका, दुरुस्तीचं मान्य. पण शॉक नसलेले नुसते पाटे असतील तर मी घेणार नाही. पन्हळीवर ट्रेलर सतत उडत राहतो, आतल्या बिजागऱ्या, रिव्हेट, गॅसच्या नळ्यांचे सांधे सैल होतात. शॉक असलेले पाटे, हे मला चालेल. इंडिपेंडंट घेतला तर एकच बघ: आर्मचे बुश बाजारात सुटे मिळतात का, की एकाच कारखान्याचे आहेत. आणि दोन शॉक का, तर पन्हळीवर शॉकमधलं तेल तापून फेसाळतं, मग तो दाबच धरत नाही. दोन असले की उष्णता वाटली जाते. तरीही खरा इलाज टायरमधली हवा कमी करणं आणि ६० च्या आत चालवणं.

सुमेध (मेलबर्न): किती कमी?

गिरीशदादा (ब्रिस्बेन): डांबरीवर ३८ पीएसआय असेल तर खडीवर २८ पासून सुरुवात कर, गाडी आणि ट्रेलर दोन्ही. एक तासाने मोज. लाइट ट्रक टायरला थंड आणि गरम यातला फरक ६ पीएसआयच्या जवळ हवा. जास्त वाढली म्हणजे टायर फार वाकतोय, तापतोय: हवा वाढव किंवा वेग कमी कर. फरक फारच कमी असेल तर आणखी थोडी सोडता येईल. कमी हवा आणि जास्त वेग हे एकत्र कधीही नको. ट्रेलरचा टायर फुटलेला मागे लवकर कळत नाही, रिम खडीवर घासत जाते.

नंदूकाका (पर्थ): चाकांचंही बघ. एमयू-एक्सला ६ स्टड, १३९.७. ट्रेलरला तेच स्टड, तोच टायर आणि चालणारा ऑफसेट (रिमची आत-बाहेर बैठक) असेल तर गाडीची स्टेपनी ट्रेलरला लागते. घेण्याआधी स्टेपनी प्रत्यक्ष लावून, चाक फिरवून बघ, ड्रमला किंवा आर्मला घासत नाही ना. दोन चाकांमधलं अंतरही गाडीएवढं हवं. म्हणजे ट्रेलर गाडीच्याच चाकोरीत चालतो. अरुंद असेल तर वाळूत आणि चिखलात तो स्वतःची वेगळी चाकोरी पाडतो आणि इंजिनावर ओढ वाढते.

सुमेध (मेलबर्न): कपलिंग (गाडी-ट्रेलरची जोडणी) पहिल्याला साधा ५० मिमी बॉल, दुसऱ्याला डीओ३५ (कच्च्या रस्त्यासाठीची फिरणारी जोडणी).

गिरीशदादा (ब्रिस्बेन): साधा बॉल डांबरी आणि बऱ्या खडीसाठी ठीक. नाल्यात गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला झुकला की बॉल कपलिंग फार वळत नाही, जोर जोडणीच्या जिभेवर येतो. डीओ३५ लांबीच्या अक्षावर पूर्ण ३६० अंश फिरतो, ३.५ टनांचा आहे. बदलता येतो, पण ड्रॉबारच्या (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या) तोंडाची भोकं जुळतात का ते बघून. साखळी मात्र शिक्का असलेलीच, आणि शॅकलवरही (साखळी अडकवायच्या कडीवरही) वजन कोरलेलं हवं. २५०० किलो एटीएमपर्यंत कायद्याने एक चालते, तरी दोन लाव, ड्रॉबारखाली एकमेकींना ओलांडून.

नंदूकाका (पर्थ): ब्रेक: ७५० किलो जीटीएमच्या (जोडलेल्या ट्रेलरच्या चाकांवरच्या वजनमर्यादेच्या) वर ब्रेक सक्तीचे. २००० पर्यंत ओव्हरराइड (ट्रेलरच्या ढकलण्याने लागणारे) चालतात, पण उतारावर आणि खडीवर ते आपोआप लागतात, म्हणून इलेक्ट्रिकच घे. गाडीत कंट्रोलर बसवावा लागेल, तो ट्रेलरच्या किमतीत धरलेला नसतो. ड्रम उघडून बघ. नाल्याचा चिखल आत राहिला की इलेक्ट्रिक ब्रेकचं मॅग्नेट एका बाजूने झिजतं.

बेअरिंगचा प्रकार विचारून घे. होल्डन नमुना असेल तर आतलं एलएम६७०४८ आणि बाहेरचं एलएम११९४९, फोर्ड नमुना असेल तर एल६८१४९ आणि एलएम१२७४९. एक पूर्ण संच सील, टोपी, स्प्लिट पिनसकट ग्रीस भरून पिशवीत ठेव. नट कसताना चाक फिरवत कसायचा, जड वाटलं की थोडा सोडून जवळच्या खाचेत नवी पिन घालायची. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. दर थांब्यावर हबला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त कसलंय, किंवा जायला आलंय, किंवा ब्रेक घासतोय.

आणि गरम हबसकट पाण्यात उतरायचं नाही. हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. नाल्याच्या काठावर १५-२० मिनिटं थांबायचं.

मृणाल: गिबवरची पेंटेकोस्ट नदीही ट्रेलरसकट ओलांडायची?

नंदूकाका (पर्थ): हो, पात्र साधारण ६० मीटर रुंद, तळाला गोल दगड. जुलैत पाणी बहुधा बेताचं असतं, तरी त्या दिवशीची पातळी विचारून. लो रेंज, दुसरा गिअर, मध्ये थांबायचं नाही. पायी उतरून खोली बघायची नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. मिचेल धबधब्याकडे मात्र ट्रेलर नेऊ नका. गिबवरून उत्तरेला जाणारा कलुंबुरु रोड सोडल्यावरचे ८५ किलोमीटर फार खराब आहेत. ट्रेलर ड्राय्सडेलला ठेवा, छोटा तंबू घेऊन जा.

अश्विनीताई (अॅडलेड): विजेचं मी सांगते. फ्रिज कॉम्प्रेसरचा घे, गॅसचा तिरक्या जागेवर नीट चालत नाही. ६० लिटरचा फ्रिज किंबर्लीच्या दिवसांत २४ तासांत ४० अँपिअर-तास खातो असं धर, दिवे आणि पंप ८. १०० ची लिथियम बॅटरी दोन दिवस देईल. एजीएम (शिशाची) असेल तर निम्मीच वापरायची आणि वजन ३० किलो. लिथियम साधारण १२. २०० वॅटचं सोलर सुटं, लांब वायरचं घे. ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता यायला हवं.

घोळ वायरमध्ये होतो. इथे दुकानात ‘६ मिमी’ म्हणून मिळते तिच्यात तांबं ४.६ चौरस मिमीच असतं, ६ हा आकडा आवरणासकट जाडीचा. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत ८ मीटर, जाऊन-येऊन १६. २५ अँपिअरला त्या वायरीत दीड व्होल्ट गळतात. ‘६ बी अँड एस’ मापाची घेतली, म्हणजे १३.५ चौरस मिमी, तर अर्धा. दोन्ही टोकांना अँडरसन प्लग (जाड वायरींचा जोड) आणि गाडीच्या बॅटरीजवळ फ्यूज. चार्जर डीसी-डीसीच (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा) हवा.

सुमेध (मेलबर्न): लिथियम पलंगाखालच्या पेटीत बसवली तर?

अश्विनीताई (अॅडलेड): तसं नको. २०२२ चं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मानक एएस/एनझेडएस ३००१.२ झोपायच्या जागेपासून ती वेगळी हवी म्हणतं. बाहेरून उघडणाऱ्या, बाहेर हवा जाणाऱ्या कप्प्यात.

आत्या (पुणे): कुकर चालेल का त्या शेगडीवर?

मृणाल: आत्या, ३ लिटरचा आणू. बाहेर सरकणाऱ्या किचनला वाऱ्याची आडोशाची पट्टी तिन्ही बाजूंनी हवी, नाहीतर शिट्टीच होत नाही आणि गॅस संपतो. आणि नॉर्दर्न टेरिटरीतून कुनुनुर्राला शिरताना ताजी फळं, भाज्या, मध काढून घेतात. कांदे-बटाटे कुनुनुर्रात विकत घ्यायचे.

गिरीशदादा (ब्रिस्बेन): किचन बघताना ते पूर्ण बाहेर काढून टोकाला हाताने दाब. खूप लवत असेल तर रुळाची बेअरिंग गेली आहेत. कडी दोन जागी हवी. एकच खिटी असेल तर पन्हळीवर ती झिजते आणि चालता चालता किचन बाहेर येतं. वरून एक पट्टाही बांधा.

आणखी एक, लोक विसरतात. गाडीच्या मागच्या टायरने उडालेला दगड ट्रेलरच्या तोंडावर आपटून परत येतो आणि गाडीची मागची काच फुटते. ट्रेलरच्या पुढे सरळ उभा पत्रा असेल तर हमखास. तिरकी जाळी हवी, दगड खाली पाडणारी. शिवाय मागच्या काचेवर बाहेरून कोरुगेटेड प्लॅस्टिक चिकटवा.

सुमेध (मेलबर्न): शनिवारी दुसरा, ट्रेलिंग आर्मवाला, प्रत्यक्ष बघायला जातोय. काय काय तपासू?

नंदूकाका (पर्थ): चटई घेऊन खाली झोप. ड्रॉबारच्या दोन नळ्या पेटीखालून ट्रेलिंग आर्मच्या जोडणीपर्यंत गेलेल्या हव्यात, पुढच्या आडव्या नळीला नुसत्या टोकाला जोडलेल्या नकोत. सांध्याजवळ रंगात गंजाची बारीक रेघ दिसली तर ती चीर समज. नळीच्या वरच्या-खालच्या अंगाला कुणी भोकं पाडून जॅक किंवा पेटी बसवली असेल तरी सोडून दे. टाकीखाली दगडाचा पत्रा आणि टाकीचे पट्टे बघ. दारांच्या रबरी पट्ट्यांवर लाल रेषा म्हणजे धूळ आत येते, ती पट्टी बदलून थांबते. कॅनव्हास उलगडायला लाव, झिप सगळ्या ओढ, पलंगाच्या कोपऱ्यात वास घे. ओला घडी केलेला असेल तर बुरशी लागते, ती निघत नाही. छताचा कॅनव्हास नवा असेल तर निघण्याआधी पाईपने दोनदा भिजवून पूर्ण वाळवा, शिवणीचा दोरा फुगून सुईची भोकं बुजतात.

व्हीआयएन (चासी नंबर) घेऊन पीपीएसआरवर (सरकारी तारण नोंदवहीत) कर्ज आहे का बघ. गॅसचं प्रमाणपत्र माग, आणि बाटल्यांवर १० वर्षांच्या आतला शिक्का. विमा कंपनीला लेखी विचार, कच्च्या रस्त्यावर ट्रेलर उचलून आणायचा खर्च मिळतो का.

सुमेध (मेलबर्न): काटा घराजवळच आहे. आधी आमची गाडी सहा जणांसकट तोलतो, मग ट्रेलरचा आकडा.

गिरीशदादा (ब्रिस्बेन): तिन्ही आकडे घे. गाडी एकटी. मग ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त गाडी. मग ट्रेलर सुटा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की बॉलचं खरं वजन कळतं. टाकी भरून एकदा, रिकामी एकदा. टाकी अॅक्सलच्या पुढे असेल तर फरक मोठा येईल.

अश्विनीताई (अॅडलेड): मल्टिमीटर ने. ट्रेलरच्या बॅटरीपाशी फ्रिज चालू असताना आणि बंद असताना व्होल्टेज टिपून इथे टाक.