डॉक्टरांच्या घरचा डबा आणि सोसायटीची पावसाळी पेटी

ए-१०२: सर्वांना नमस्कार. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा साधी गोळी मिळणेही किती अवघड झाले होते, हे आपण विसरलो नसू. सी-३०१ मधील डॉक्टर अशा प्रसंगासाठी घरी प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक्सचा) डबा ठेवतात, असे परवा जिन्यात बोलता बोलता कळले. तोच संच देखभाल निधीतून सोसायटीसाठी घ्यावा, असे मी सुचवतो. डॉक्टरांनी कृपया यादी द्यावी.

सी-३०१ (डॉक्टर): डबा आहे, हे खरे. त्यात डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड अशी तीनच औषधे आहेत. मात्र त्या गोळ्या मी कुणाला तपासल्याशिवाय देत नाही, आणि खरे सांगायचे तर स्वतःला घेतानाही सहकाऱ्याला फोन करून विचारतो. कारण स्वतःच्या तापाचे निदान करताना डॉक्टरही इतर कोणाहून शहाणा नसतो.

पुरानंतर आपल्याकडे खरी भीती असते ती लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंमुळे येणाऱ्या तापाची. उंदरांच्या आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा चिखलातून हे जंतू पायांवरच्या जखमांवाटे शरीरात जातात, आणि ताप सहसा ५ ते १४ दिवसांनी येतो. ज्यांना अशा पाण्यात उतरावेच लागते त्यांना प्रतिबंध म्हणून डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा दिले जाते, पण गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुले यांच्यासाठी ही मात्रा नाही. ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि घेतल्यावर लगेच आडवे होता येत नाही, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळे लाल अशी लक्षणे दिसली, तर मात्र डबा न उघडता रुग्णालय गाठावे.

बी-२०४: डॉक्टर, गेल्या वर्षीच्या तापातली अझिथ्रोमायसिनची अर्धी पट्टी आमच्या फ्रिजवर पडून आहे. मुदत संपलेली नाही, म्हणून ठेवली आहे. सर्दीला चालेल ना?

सी-३०१ (डॉक्टर): वहिनी, सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग नाही. शिवाय ती पट्टी उरली म्हणजे तेव्हाचा कोर्स बहुधा अर्धवट राहिला. फ्रिजच्या माथ्यावर उष्णता असते आणि आपल्या हवेतला दमट ओलावा वेगळाच. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तर ओलाव्याने मुदतीआधीच निकामी होतात. माझ्या डब्यातली एक पट्टी जूनमध्ये पाहिली, तर गोळ्या तपकिरी पडल्या होत्या.

ए-१०२: मग दुकानदाराकडून सोसायटीच्या नावाने बिल करून घेतले तर?

सी-३०१ (डॉक्टर): काका, पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये याचीच खूण आहे. २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वनमधील, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या सरकारी यादीतील, औषधांसाठी तर दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद ३ वर्षे सांभाळावी लागते. सोसायटी हा काही रुग्ण नव्हे.

डी-४०२: माझ्या आईला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. सामायिक पेटीतून शेजाऱ्याने आपुलकीने गोळी दिली असती, तर काय झाले असते, या विचारानेच धास्ती वाटते.

सी-३०१ (डॉक्टर): अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातले आहे, त्यामुळे धास्ती रास्त आहे. असा तपशील प्रत्येक घराने एका कागदावर लिहून ठेवावा; पुराच्या रात्री फोन बंद असतात.

सचिव: चर्चेनुसार पेटीत ओआरएसची पाकिटे, पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, जखमेचे निर्जंतुक कापड आणि गमबुटांचे ४ जोड घेतले जातील. प्रतिजैविके घेतली जाणार नाहीत. अ‍ॅलर्जीचा कागद बंद पाकिटात घालून रविवारपर्यंत माझ्याकडे द्यावा.

बी-२०४: ती पट्टी मी कचऱ्यात टाकू का?

सी-३०१ (डॉक्टर): नको, माझ्याकडे पाठवा. माझ्या तपकिरी गोळ्यांबरोबर ती रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात जाईल.