मदत हवी आहे : आयटीआय इलेक्ट्रिशियन, जलविद्युतमध्ये पुढं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही जिंतूर तालुक्यातले, येलदरी धरण घरापासून जवळच. धाकट्या भावाचा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय, अप्रेंटिसशिपही झाली. सध्या तो एका ठेकेदाराकडं जलविद्युत केंद्राच्या देखभालीच्या कामावर आहे. दर तासाला बेअरिंगचं तापमान, तेलाची पातळी, व्होल्टेज लॉगशीटवर लिहायचं. नुसत्या आवाजावरून मशीन बिघडतंय का ते आता त्याला कळायला लागलंय. पण हातात पडतात ११ हजार, तेही दोन-दोन महिने उशिरा. पीएफ कापतात म्हणतात, खात्यावर मात्र दिसत नाही. पोराचं लई मन लागलंय या कामात, म्हणून जीव तुटतो.

आपल्याकडं येलदरीचे साडेसात मेगावॅटचे वीज तयार करणारे तीन संच आणि पैठणला जायकवाडीचा १२ मेगावॅटचा, पाणी उलटं वर चढवू शकणारा संच. एवढ्यात माणसं किती लागणार? त्यात धरण भरलं नाही की संच उभेच. कोयनेला १९६० मेगावॅट, घाटघरला २५०. तिकडं जावं का?

महानिर्मितीत (राज्याच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीत) तंत्रज्ञ म्हणून लागलेलं कुणी असेल तर सांगा, परीक्षेत नेमकं काय विचारतात? ठेकेदाराकडचा अनुभव धरतात का? पगार सुरुवातीला हातात किती येतो? डिप्लोमा आधी करावा की रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण), गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा), पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा छोटा संगणक) शिकून घ्यावं? आणि पीएफची तक्रार केली तर काम जाईल का, ही धास्ती आईला आहे. अनुभवी दादा-ताईंनी कृपया सविस्तर लिहा.