सल्ला हवा: ५ आठवड्यांचं बाळ रात्री सारखं उठतं, ३००० रुपयांत काय घेऊ?

डोंबिवलीचा_बाबा
नमस्कार. बाळ ५ आठवड्यांचं आहे, फक्त अंगावरचं दूध. रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये चार-पाचदा उठतं. पिऊन झालं तरी खाली ठेवलं की पुन्हा कुरकुर. जन्माचं वजन २.९ किलो, आता ३.६. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. डॉक्टरांनी तपासून सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलंय. सासूबाई येत्या रविवारी गावी परतणार आहेत आणि बायकोची झोप अजिबात होत नाहीये. रात्रीची एक पाळी मी घ्यायची म्हणतोय. हाताने दाबून दूध काढायचा पंप + बाटली, बॉटल वॉर्मर, की विजेवर झुलणारा पाळणा? घर वन बीएचके. बजेट ३००० रुपये, त्यावर जाणं शक्य नाही.

मंजिरी_कोथरूड
पाळणा-बिळणा सोडा, पंप घ्या आणि इलेक्ट्रिकच घ्या, तोही दोन्ही बाजूंचा. आमचा साडेआठ हजारांचा आहे, पैसे वसूल. हाताच्या पंपाने मनगट धरतं, बाळाला उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी आधीच दुखत असतं.
घेताना फनेलचं (छातीवर बसवायच्या कपाचं) माप बघा. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिमीचं येतं, ते सगळ्यांना बसत नाही. पाजण्याआधी स्तनाग्राची रुंदी बुंध्याशी मोजायची आणि त्यात २ ते ४ मिमी मिळवायचे. पंप चालू असताना स्तनाग्र नळीला घासलं तर फनेल लहान. भोवतालचा काळा भाग बराचसा आत ओढला गेला तर मोठं.
ओढ कमी झाली की लोक मोटर गेली म्हणतात, पण दोष बहुधा छोट्या सिलिकॉन व्हॉल्व्हचा असतो. त्याच्या टोकाची चीर नीट मिटत नसेल तर बदलायचा. एक जोडी जादा ठेवाच.

एडिसनकर
इकडे पंप इन्शुरन्समधून मिळतो, त्यामुळे पैशांचा विचार करावा लागत नाही. पलंगाला लावायचं बॅसिनेट (तान्ह्या बाळाची छोटी खाट) मात्र घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: निदान पहिले सहा महिने बाळ पालकांच्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर, पाठीवर. आमचं २०० डॉलरचं आहे, एक बाजू खाली होते.

कुडाळकर
२०० डॉलर? अहो, जुनं मऊ लुगडं आणि आढ्याला दोरी. झोळीत पोर दोन-दोन तास हलत नाही. पिढ्यान् पिढ्या झोळीत वाढल्यात आमच्याकडे.

राधेची_आई
मंजिरीताईंना अनुमोदन. इलेक्ट्रिक पंपच. आवाज कमी असलेला बघा.

ओवी
पंप, पाळणा सगळं बाजूला ठेवून आधी एक गोष्ट. २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं हे या वयात ठरलेलंच आहे. अंगावरचं दूध दीड-दोन तासांत पचतं आणि दिवस-रात्र कळवणारं शरीरातलं घड्याळ अजून बसलेलं नसतं. त्याला दोन-तीन महिने लागतात. तुमच्या बाळाचं वजन आणि लंगोटांचा आकडा बघता दूध पुरतंय.
आता पंपाबद्दल. दूध वाढवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री आणि पहाटे जास्त असतं. तुम्ही २ वाजता बाटलीने पाजलं आणि आई झोपून राहिली, तर दोन-तीन तासांत छाती दाटते. मग गाठी, दुखणं, कधी ताप. ते टाळायला तिला त्याच वेळी उठून पंप करावा लागतो, म्हणजे झोप मोडलीच, वर भांडी वाढली. आणि तेही केलं नाही, रोजच एक पाजणं गाळलं, तर दूध कमी व्हायला लागतं.
झोप वाचते ती पाजायच्या पद्धतीने. कुशीवर पडून पाजायला शिकवा:
आईने पूर्ण कुशीवर, पाठीमागे लोड, गुडघ्यांत उशी. खालचा हात स्वतःच्या डोक्याकडे. बाळही कुशीवर, पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर (तोंड नव्हे). वरच्या हाताने बाळाच्या खांद्यांना आधार द्यायचा, डोकं दाबायचं नाही. बाळ नाक वर करून मोठा 'आ' करतं तेव्हा त्याला जवळ घ्यायचं. हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर आणि गिळल्याचा आवाज असेल तर पकड बरोबर. गाल आत जात असतील, 'चट् चट्' आवाज येत असेल, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. चुकीच्या पकडीने बाळ अर्धा तास चोखतं, पोट भरत नाही आणि तासाभरात उठतं.
दुसरं, कुरकुर ऐकली की लगेच उचलू नका. तान्ह्या बाळाच्या झोपेत कण्हणं, हातपाय झाडणं, डोळे किलकिले करणं असतंच. मिनिटभर थांबा. हात तोंडाकडे, जीभ बाहेर, मान वळवून शोधणं दिसलं तर भूक. रडेपर्यंतही थांबू नका, रडणारं बाळ नीट पकडत नाही.

आजीचा_बटवा
जायफळाचे दोन वेढे सहाणेवर उगाळून दुधात द्या, शांत झोपेल. सोबत मुरडशेंग, वेखंड.

ओवी
@आजीचा_बटवा, कृपा करून हे सुचवू नका. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय घुटी, मध, ग्राइपवॉटर, साधं पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब (रोज ४०० युनिट) एवढेच. जायफळाने गुंगी येते, गुंगलेलं बाळ कमी पितं. मधातून वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम (गंभीर विषबाधा) होऊ शकतो. सहाण दर वेळी उकळून कोण घेतं?
@कुडाळकर, झोळीत पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. एवढ्या लहान बाळाला मान सरळ करता येत नाही. दोन तास हलत नाही ही कौतुकाची गोष्ट नाही. विजेच्या पाळण्यांचा तळही बहुतेक कापडी आणि खोलगट असतो, तोच धोका.

कुडाळकर
मग पाळणे म्हणायच्या आयांनी काय चूक केली?

ओवी
लाकडी पाळणा सपाट तळाचा असतो. त्याला माझा विरोध नाहीच.

सिस्टर_सातारा
पंप घेतलाच तर दूध साठवायचे नियम पाळा. २५ अंशांपर्यंत खोलीत ४ तास. डोंबिवलीच्या मे महिन्यात तेवढंही नको, काढलं की फ्रिजमध्ये. फ्रिजच्या आतल्या बाजूला ४ दिवस, दारात नाही. गरम करायला वॉर्मर लागत नाही: पातेल्यात कोमट पाणी, त्यात वाटी पाच मिनिटं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकायचं.
आणि बाटलीऐवजी बोंडलं. स्टीलचं स्वस्त मिळतं, उकळायला सोपं, आणि बाटलीच्या सोप्या धारेची सवय लागून बाळ अंगावर प्यायला कुरकुरत नाही. बाळाला बसतं धरून बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवायचं, दूध ओतायचं नाही, त्याला जिभेने घेऊ द्यायचं.
बाबांनी काय करायचं? लंगोट बदलणं पहिल्या बाजूनंतर, दुसरी बाजू पाजायच्या आधी. शेवटी बदललं तर पेंगलेलं बाळ खडबडून जागं होतं. मग ढेकर, मग खाली ठेवणं. ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, शेवटी डोकं. तळहात छातीवर थोडा वेळ तसाच. दुपटं हातांशी घट्ट, कमरेखाली सैल, म्हणजे खुबे मोकळे राहतात. ट्यूबलाइट अजिबात नाही, पिवळा झिरोचा बल्ब. रात्री बोलणंही कमी.
तीन महिन्यांच्या आत अंग १००.४ फॅ. किंवा जास्त तापलं, बाळ पिईना, सुस्त पडलं, किंवा लंगोट सहाच्या खाली गेले, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर.

एडिसनकर
बॅसिनेटमध्ये हे सगळं सोपं जातं.

राधेची_आई
पंप कुठला ठरला? हाताचा घेऊ नका, पुन्हा सांगते.

डोंबिवलीचा_बाबा
सगळ्यांचे आभार. बायकोशी बोलून ठरवलं: पंप नाही, पाळणा नाही, बॅसिनेट नाही.
गादीवाल्याकडून १८०० रुपयांत पातळ, घट्ट भरलेली कापसाची गादी घेतोय. आमच्या पलंगावरची फोमची दबते, त्यावर बाळाला घेऊन पाजताना झोप लागली तर धोका. खाली जमिनीवर आईची ही गादी, शेजारी बाळाचं वेगळं सपाट अंथरूण, त्यावर उशी-लोड-गोधडी काही नाही, वरून छोटी मच्छरदाणी. भिंतीपासून दूर, फटीत बाळ जाऊ नये म्हणून. सोफ्यावर बसून पाजणं रात्री पूर्ण बंद. उरलेले १२०० लंगोट-दुपटी धुवायला मावशींना महिनाभर.
लंगोट, ढेकर, झोपवणं माझ्याकडे. पहाटे ५ चं पाजून झालं की बाळ ८ पर्यंत माझ्याजवळ बाहेरच्या खोलीत, भूक लागली तरच आत न्यायचं. तेवढा वेळ ती सलग झोपेल. बायकोची रजा २६ आठवड्यांची आहे, पंपाचा विचार पाचव्या महिन्यात.

मंजिरी_कोथरूड
पाचव्या महिन्यात घेताना तरी डबल इलेक्ट्रिकच घ्या. आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचू नका, घडी पडून बाळाच्या तोंडाकडे येते. तारेची छत्रीसारखी उघडणारी, तळ असलेली मिळते, ती बघा.

सिस्टर_सातारा
पहाटे ५ चं पाजताना दोन्ही बाजू नीट रिकाम्या होऊ द्या, नाहीतर ८ पर्यंत दाटेल. आणि बाहेरच्या खोलीत तुम्ही सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपू नका, तो नियम बाबांनाही आहे.